अंगावरून वारे जात नाही

आपल्याकडे आजारांची नावे मोठी बोलकी असतात. एखाद्याचे अर्धे अंग लुळे पडले की ‘अंगावरून वारे गेले’. कुणी झटके येऊन पडला की ‘फेफरे आले’, नाहीतर ‘बाहेरची बाधा झाली’. पंडितांचा ‘अर्धांगवायू’ हा शब्दही शेवटी वाराच सांगतो! आणि जसे नाव, तसा उपाय. वाऱ्याला तेल, फेफऱ्याला कांदा किंवा चप्पल, बाधेला देवऋषी. बिघाड होतो मेंदूत. पण मेंदूचे नाव यात कुठेच नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आजोबांचे तोंड वाकडे झाले, उजवा हात गळाला, तेव्हा घरच्यांनी रात्रभर तेल चोळले. मायेत काही उणे नव्हते; माहिती नव्हती. पक्षाघात म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होणे किंवा फुटणे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. तेव्हा पहिल्या खुणेबरोबर घड्याळ सुरू होते, आपण ती ओळखली नाही तरी! हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला ओढले जाते, दोन्ही हात वर केले तर एक खाली येतो, बोलणे अडखळते. यातले एक जरी अचानक दिसले तरी १०८ ला फोन करावा. निदान डॉक्टर करतील. खूण आपण ओळखायची.

डोंबिवलीच्या फलाटावर गर्दीच्या वेळी कुणाला फिट आली की भोवती कोंडाळे जमते. कुणी चप्पल हुंगवतो, कुणी दातांत चावी कोंबतो. वास्तविक त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, तोंडात काहीही घालू नये. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर इस्पितळ गाठावे. काही मुलांना झटके न येणारी फिटही येते. मूल काही सेकंद शून्यात पाहते, हाक ऐकत नाही, मग पुन्हा लिहू लागते. वर्गात मात्र त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी बसतात.

हे अज्ञान अशिक्षितांचे आहे, असे कुणी समजू नये. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा लग्नातला अडथळा ठरवला गेला. तो शब्द वगळायला १९९९ साल उजाडले. कायदे करणारे तर शिकलेलेच होते! आजही मुलीच्या फिटच्या गोळ्या स्थळापासून लपवल्या जातातच.

कुणी म्हणेल, हे सायन्सवाल्यांचे काम; आर्ट्सवाल्यांनी यात का पडावे? मला वाटते, शब्द हे तर आपलेच क्षेत्र. चुकीचे नाव माणसाला चुकीच्या दारात नेते, हे भाषेच्या विद्यार्थ्याने नाही सांगायचे तर कुणी? आपल्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडायला दिवस मिळतात. त्यांतला एक तास या खुणा शिकायला द्यावा, आणि शिकलेले प्रत्येकाने आपल्या चाळीत, आपल्या गावी बोलीभाषेत सांगावे. पदवी मिळायला अजून वर्ष आहे. एवढे काम त्याआधीही होईल.