विश्लेषण : शिकार बंद झाली, तरी लाव्याचे माळरान का आक्रसते आहे?

जाळीत फडफडणाऱ्या लाव्यांचे व्हिडिओ अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरतात. खाली प्रतिक्रिया दोनच प्रकारच्या असतात. एक, ‘रस्सा एक नंबर होतो’. दुसरी, ‘यांना आत टाका’. जाळे लावणे हा गुन्हाच आहे. पण लातूर-नांदेडच्या माळावर लाव्याला खरा धोका फक्त जाळ्याचा आहे का? शिकारीवर बंदी येऊन तीन दशके उलटली, तरी त्याची जागा दरवर्षी कमीच होत आहे. त्यामागची कारणे समजून घेऊ.

लावा म्हणजे नेमका कोणता पक्षी?

लावा हा तित्तिराच्या कुळातला, मुठीत मावेल एवढा पक्षी. मराठवाड्यात अनेक जण त्याला बटेर म्हणतात. झुडपी लावा आणि खडकाळ माळावरचा लावा इथे बारमाही राहतात. पावसाळी लाव्याचा आवाज जून-जुलैत गवतातून ऐकू येतो, तर आणखी एक जात हिवाळ्यात उत्तरेकडून येते. यांची घरटी झाडावर नसतात. गवताच्या बुंध्याशी जमीन थोडी उकरून अंडी घातली जातात. झुडपी लाव्यांचा थवा रात्री शेपट्या आत आणि तोंडे बाहेर करून गोल बसतो. धोका दिसताच सगळे एकदम वेगवेगळ्या दिशांना उडतात.

हॉटेलात मिळतो तो लावा वेगळा. तो फार्मवर पाळलेला जपानी लावा. १९७४ मध्ये ही जात भारतात आणली गेली आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील पक्षी संशोधन संस्थेतून तिचे पालन देशभर पोहोचले. त्यामुळे ‘लावा तर बाजारात मिळतो, मग रानातला पकडला तर काय बिघडले?’ हा युक्तिवाद टिकत नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात सुरुवातीला लावा, तित्तिर अशा पक्ष्यांच्या शिकारीसाठी परवाना मिळण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि दंडाच्या रकमा वाढल्या. आता सर्वसाधारण गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणजे कागदावर पक्षी सुरक्षित आहे. तो ज्या गवतात राहतो, त्या गवताला मात्र असे संरक्षण नाही.

झाडे लावणे चांगलेच, मग अडचण कुठे?

लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. राष्ट्रीय वन धोरणाचे उद्दिष्ट ३३ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणत्याही अधिकाऱ्याला एकच उपाय सुचतो : माळ दिसला की खड्डे घ्या आणि रोपे लावा. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. हेतू चांगला होता. पण औसा, अहमदपूर, कंधार, मुखेड या बालाघाटच्या पट्ट्यातला मुरमाड माळ म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. कमी पाऊस आणि उथळ माती यांमुळे तिथे गवतच नैसर्गिक असते. अशा माळावर दाट झाडी उभी राहिली, तर गवतात राहणारे लावे, तित्तिर, चंडोल आणि धाविक यांची जागा जाते.

या चुकीचे मूळ एका शब्दात आहे : ‘पडीक’. ब्रिटिश काळात ज्या जमिनीतून सारा मिळत नसे, ती पडीक ठरायची. तोच दृष्टिकोन पुढे सरकारी नोंदींमध्ये टिकला. पडीक म्हटले की ती जागा कशासाठीही मोकळी. कधी रोपवन, कधी औद्योगिक वसाहत. आता शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या योजनेतील सौर प्रकल्पांसाठीही शासकीय जमिनी आणि गायराने दिली जात आहेत. दिवसा वीज ही शेतकऱ्याची रास्त मागणी आहे. पण त्या माळावर आधीच काही जगते आहे, याची नोंद घेणारा रकाना कागदात नाही.

दुसरा बदल शेतात झाला. ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन पसरले. लातूर ही तर सोयाबीनची मोठी बाजारपेठ. लावा तणांचे बी, सांडलेले धान्य आणि किडे खातो. पिल्ले तर सुरुवातीला किड्यांवरच वाढतात. तणनाशकाने बांध साफ झाला आणि कीटकनाशकाने किडे गेले, की शेताच्या कडेला त्याच्यासाठी उरते काय?

यात पारध्यांचा संबंध कुठे येतो?

लावा आणि तित्तिर यांची सर्वाधिक माहिती असलेला समाज म्हणजे फासेपारधी. फास लावून पकडणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. ‘फासेपारधी’ हे नाव त्यावरूनच पडले. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अनेक भटक्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. पारध्यांवरही तो शिक्का बसला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही.

कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील शिकारी भटक्या समाजांचा अभ्यास केला होता. फासात सापडलेली गाभण हरिणी आणि पाडसे सोडून देण्याची रीत फासेपारध्यांनी त्यांना सांगितली. शिकार उद्याही मिळावी, यासाठीचा हा नियम होता. पुढे माळ आक्रसला, बाहेरचे बंदूकधारी आले, तेव्हा असे नियम पाळून फायदा कोणाला, हा प्रश्न उरला.

१९९१ नंतर व्यवसाय बेकायदा झाला, पर्याय मात्र फारसा मिळाला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक हक्क मान्य केले, पण त्यातून शिकार आणि फास लावणे स्पष्टपणे वगळले. शिवाय तो कायदा वनजमिनीला लागू आहे. लातूरमधला बहुतेक माळ महसुली किंवा खासगी आहे.

गुंतागुंत इथेच आहे. मराठवाड्यातील अनेक पारधी आणि दलित भूमिहीन कुटुंबे गायरानावरच राहतात किंवा कसतात. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा. २०२२ मध्ये उच्च न्यायालयात गायरानावरील अतिक्रमणांचा विषय आला, तेव्हा या कुटुंबांवर पुन्हा टांगती तलवार आली. ‘लाव्यासाठी गायरान मोकळे करा’ असे म्हणणे सोपे आहे. पण त्याची किंमत सर्वात आधी कोण मोजणार, हेही सांगावे लागेल.

परवाना देऊन शिकार सुरू करणे हा उपाय ठरेल का?

अमेरिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीव व्यवस्थापनाला जातो. तरीही बॉबव्हाइट या तिथल्या लाव्याची संख्या गेल्या अर्धशतकात प्रचंड घटली. मुख्य कारण तेच : बदललेली शेती आणि गेलेले गवत. पैसा आणि शिकारी असूनही जागा नसेल तर पक्षी टिकत नाही. आपल्याकडे तर परवाना घेणारा पारधी नसेल, बंदूक परवडणारा असेल.

मग मार्ग कोणता?

अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोर आणि गवताळ माळ वाचवण्याचे काम करते. ज्यांना पक्ष्याचा आवाज आणि घरट्याची जागा कळते, तेच त्याचे राखणदार होतात. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वनविभागाने गवताळ प्रदेश सफारी सुरू केली आहे. माळालाही पर्यटक येतात, हे त्यातून दिसते.

लातूर-नांदेडमध्ये सुरुवात लहान गोष्टींनी होऊ शकते. रोपवनाआधी ती जागा मुळात गवताळ आहे का, हे तपासणे. गायरानाचा एक तुकडा ग्रामसभेने गवतासाठी राखणे, घरटी उठल्यावर टप्प्याटप्प्याने कापणी करणे आणि चारा गावातच वाटणे. बांधावर तणनाशक न मारणे. पक्षीगणना आणि राखणीची रोजंदारी पारधी तरुणांना देणे.

तोपर्यंत जाळ्याचा व्हिडिओ दिसला, तर तो पुढे पाठवू नये. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. आणि गावच्या माळावर खड्डे घेणारे यंत्र दिसले, तर तिथे आधी काय होते, हेही विचारावे.