दुर्बीण चालते, श्वासाचं यंत्र चालत नाही



आपल्या देशात विमानात चढताना हातात एकच पिशवी न्यायची असा नियम आहे. विमान सुरक्षा ब्युरोचं २००० सालचं परिपत्रक आहे आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याची पुन्हा कडक आठवण करून देण्यात आली. ती एक पिशवी सोडून आणखी काय काय चालतं, याची यादी विमान कंपन्या आपल्या पानावर देतात. जरा सवडीने वाचा. बायकांची पर्स. ओव्हरकोट. ब्लँकेट किंवा घोंगडी. कॅमेरा किंवा दुर्बीण. वाचायला पुस्तकं. घडीची छत्री किंवा काठी. तान्ह्या बाळाचं खाणं. ज्याला गरज आहे त्याची घडीची चाकाची खुर्ची नाहीतर कुबड्या. प्रवासात लागणारी औषधं. लॅपटॉप.

यादी वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट ज्याने केली त्याच्या डोळ्यांसमोर जिवंत माणूस होता. त्याला थंडी वाजते, त्याला बाळ आहे, त्याचा पाय अधू आहे. पण दुर्बीण? पस्तीस हजार फुटांवरून खालच्या ढगांकडे दुर्बीण लावून पाहणारा प्रवासी मला तरी अजून भेटायचा आहे. (कोणाला भेटला असेल तर कळवा.) बोटीने विलायतेला जाणाऱ्या साहेबाचं सामान डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यासारखं वाटतं खरं. असो.

मी पाहिलेल्या एकाही यादीत एक गोष्ट नाही. रात्री झोपताना नाकावर मास्क लावून ज्यातून हवा घ्यावी लागते ते यंत्र, सीपॅप. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात ते आहे, हे मला ठाऊक आहे. तुम्ही ते पाहुणे आले की पलंगाखाली सरकवता, हेही ठाऊक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाढ झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत इतके, की श्वासाची वाटच मिटते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, एक मोठा घोरका येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. तासाला असं पाच वेळांपेक्षा कमी झालं तर ठीक. तीसच्या वर गेलं की आजार तीव्र. माझा आकडा ३८ आला होता. म्हणजे दर दीड मिनिटाला कोणीतरी गळा दाबून सोडतंय, आणि सकाळी आपण म्हणतो, 'हल्ली झोप पुरत नाही बाई'. रक्तदाब, हृदय, साखर, सगळ्यांशी याचं नातं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी हेच नाव घेतलं होतं, आणि मग महिनाभर घराघरांत त्याची चर्चा झाली. मग विसरले लोक.

यंत्र काही जादूचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी ते काढलं आणि १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलं. पंख्याने दाब देऊन हवा नाकात सोडायची. त्या हवेच्याच आधाराने घसा उघडा राहतो. आतून लावलेला टेकूच म्हणा. टेकू काढला की छप्पर खाली. औषधाची गोळी एक दिवस चुकली तर तिचा अंमल थोडाफार अंगात उरतो. या यंत्राचं तसं नाही. ज्या रात्री लावलं नाही, त्या रात्री आजार जसाच्या तसा हजर.

आता विमानाचं. देशातल्या प्रवासात हातातल्या सामानाला साधारण सात किलोंची मर्यादा असते. माझं यंत्र, नळी, मास्क, वीजजोडणीचा ठोकळा आणि पिशवी मिळून अडीच किलो होतात. दोन वर्षांपूर्वी बंगळूरहून मुलाकडून परत येताना एका कंपनीच्या काउंटरवर (नाव घेत नाही, बाकीच्या फार शहाण्या आहेत असंही नाही) दोन्ही पिशव्या काट्यावर ठेवायला लावल्या. नऊ किलो चारशे ग्रॅम. मुलगी नम्र होती. म्हणाली, 'आजी, हे यंत्र मोठ्या सामानात टाका, नाहीतर जादा वजनाचे पैसे भरा.' मी म्हटलं, बाळ, यात सुटी बॅटरी आहे, ती मोठ्या सामानात टाकायला तुमचाच नियम बंदी करतो. तिने पडद्यावर पाहिलं. बॅटरीचं खरं निघालं. लिथियमची सुटी बॅटरी फक्त हातातल्या सामानातच न्यायची, १०० वॅट-तासांपर्यंत न विचारता आणि १६० पर्यंत कंपनीच्या परवानगीने. यंत्राबद्दल मात्र तिच्या पडद्यावर काहीच नव्हतं. मग साहेब आले. डॉक्टरांची चिठ्ठी उलटसुलट पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'तुम्ही तर चालत आलात.' आणि मग, 'ठीक आहे, या वेळेला जाऊ द्या.'

हे 'या वेळेला' मला झोंबलं. पैसे वाचले, यंत्र हातात राहिलं, सुखरूप घरी पोचले. तरी झोंबलं. कारण मला मिळाली ती मेहेरबानी. आज साहेबांचा मूड बरा होता. उद्या नसेल. मी बोलणारी बाई आहे, आयुष्यभर वर्गात बोलूनच पोट भरलं. जी बोलू शकत नाही, जिला इंग्रजी-हिंदी येत नाही, जी काउंटरपलीकडच्या गणवेशाला बिचकते, ती काय करेल? ती मुकाट्याने पिशवी पट्ट्यावर ठेवेल. आणि ती पिशवी दुसऱ्याच गावी उतरली की त्या रात्री तिच्या घशाला टेकू नसेल.

सुरक्षा तपासणीबद्दल माझी तक्रार नाही, हेही सांगून टाकते. यंत्र ट्रेमध्ये वेगळं ठेवा म्हणतात, ठेवते. 'साँस की मशीन है' म्हटलं की जवान समजतो. दोनदा तर त्यांच्यातलाच एकजण म्हणाला की आमच्या वडिलांकडेही आहे.

मला माझे भाचे-पुतणे सांगतात ते मुद्दे आता घेते. त्यांना फोनवर उत्तरं देऊन घसा बसला.

पहिलं, 'मावशी, एक रात्र नाही लावलं तर काय होतं?' बाबांनो, तुम्ही एक रात्र उशीशिवाय झोपता त्यातलं हे नाही. आणि एकच रात्र कशावरून? हरवलेलं सामान दुसऱ्या दिवशी येईल अशी हमी कोण देतं? शिवाय मास्क आपापल्या चेहऱ्याच्या मापाचा, दाब आपापला. परगावात रात्री दहा वाजता ते कुठल्या दुकानात मिळणार?

दुसरं, 'चांगलं गुंडाळून टाका की सामानात.' आमच्या पेणच्या गणपतीच्या मूर्ती सातासमुद्रापार जातात. त्या कशा बांधतात ते कोणत्याही कारखान्यात उभं राहून बघा आणि मग विमानतळाच्या पट्ट्यावर बॅगा कशा आदळतात ते बघा. माझं यंत्र पंचावन्न हजारांचं आहे. निवृत्तिवेतनातून घेतलंय.

तिसरं, 'मग आगगाडीने जा.' तीस वर्षं पेण-रोहा केलेली बाई मी, आगगाडीचं प्रेम मला कोणी शिकवू नये. पण मार्च २०२१ मध्ये रेल्वेने आगीच्या भीतीने रात्री अकरा ते पहाटे पाच डब्यातले चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवण्याचं जाहीर केलं. भीती खोटी नाही. पण हे यंत्र लागतं ते नेमकं त्याच सहा तासांत! मोबाईल दिवसा चार्ज होतो, श्वास होत नाही.

चौथा मुद्दा तेवढा विचार करण्यासारखा आहे. 'सूट दिली की प्रत्येकजण वैद्यकीय म्हणून काहीही आणील.' आणतील, आपल्या लोकांचा मला पुरेसा अनुभव आहे. पोह्याचे पापडसुद्धा वैद्यकीय ठरवतील. पण हे यंत्र काही लपत नाही. उघडलं की दिसतं, नळी आहे, मास्क आहे, अंगावर क्रमांक आहे, सोबत डॉक्टरांचं पत्र आहे. चैन म्हणून कोणी हे नाकाला बांधून फिरत नाही. आणि अमेरिकेने हे करून दाखवलंय. २००९ पासून तिथला नियम असा आहे की सीपॅपसारखं साधन हातातल्या सामानाच्या मर्यादेत मोजायचंच नाही. तो नियम अमेरिकेत ये-जा करणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या त्या विमानांनाही लागू आहे. आलं का लक्षात? आपलीच कंपनी भारतातून न्यूयॉर्कला जाताना माझं यंत्र मोजणार नाही. तीच कंपनी मुंबईहून बंगळूरला जाताना मोजू शकते. यंत्र तेच, नाक तेच.

आपल्याकडे नियमच नाहीत असं नाही, उलट चांगले आहेत. दिव्यांग आणि हालचालीला मर्यादा असलेल्या प्रवाशांसाठी डीजीसीएचा नियम आहे. त्यात सहायक साधनं पंधरा किलोपर्यंत मोफत न्यायची सोय आहे. हे नियम धडपणे पाळले जावेत म्हणून कोणाला काय सोसावं लागलं तेही आठवा. फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याला जीजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या विदुषी गोव्याला परिषदेसाठी निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर त्यांना उतरवलं. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. चार वर्षं लढल्या त्या.

पण मी त्या नियमात बसते का? मी 'तर चालत आले'. माझा आजार दिवसा दिसत नाही. दिवसा मी बाजार करते, ओटीवर बसून पेपर वाचते. मी अधू होते ती डोळा लागल्यावर, आणि तेव्हा काउंटरवरचे साहेब तिथे नसतात. चाकाची खुर्ची दिसते म्हणून ती यादीत आहे. इनहेलर विमानात लागू शकतो म्हणून औषधात बसतो. माझं यंत्र दीड तासाच्या प्रवासात लागत नाही, उतरल्यावर रात्री लागतं, म्हणून ते 'सामान'. हीच गफलत आहे. कुबड्या तरी खुर्चीत बसल्यावर कुठे लागतात? त्याही उतरल्यावरच लागतात.

आणि लांबच्या प्रवासात ते आतही लागतं. विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. आपलं कळसूबाई साधारण चोपन्नशे फूट. म्हणजे कळसूबाईच्या वर, पातळ हवेत, खुर्चीत मान वाकडी करून झोपायचं, तेही टेकू नसताना.

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. एम्सच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये निरनिराळे अभ्यास एकत्र करून सांगितलं की देशातल्या सुमारे अकरा टक्के प्रौढांना हा त्रास आहे. रोह्याचे आमचे भाऊजी, ताईचे यजमान, त्यांतले एक. वय एक्याऐंशी. मुलगी दिल्लीला. नातीच्या बारशाला गेले नाहीत. म्हणाले, 'एवढ्या माणसांत ते सोंडेचं यंत्र कोण उघडून दाखवणार?' ताई एकटी जाऊन आली. आता नवी मुंबईचं विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात झालंय, २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडतायत. पूर्वी अंधेरीपर्यंतच्या रस्त्यातच निम्मा जीव जायचा, तो त्रास संपला. पण भाऊजी अजून 'बघू' म्हणतात.

भाऊजींना मी ताईसमोरच सुनावलं. चष्मा लावायची लाज वाटते का? कवळी पेल्यात काढून ठेवता तेव्हा वाटते का? बायकांचं तर आणखी कठीण. पुरुष घोरला तर विनोद आणि बाई घोरली तर शरम. मी निदान करून घ्यायला चार वर्षं लावली ती याच पायी, कारण बायका घोरत नसतात असं आमच्या घराण्याचं मत होतं. आपणच पलंगाखाली लपवतो, तर यादी करणाऱ्याला ते दिसणार कुठून?

मला नवा कायदा नको. त्या यादीत, दुर्बिणीच्या शेजारी, एक ओळ हवी: झोपेत श्वासासाठी लागणारं यंत्र, त्याच्या बॅटरीसह, पिशवीत न मोजता. बस्स. तशा अर्थाचं पत्र मी डीजीसीएला आणि सुरक्षा ब्युरोला पोस्टाने पाठवणार आहे.

तोवर ज्यांना निघायचंय त्यांनी एवढं करा. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत घ्या, त्यात यंत्राचं नाव आणि क्रमांक लिहून घ्या, दोन प्रती ठेवा. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून पुसून न्या. पाणी उरलं तर ते यंत्रात जातं. विमानात लावणार असाल तर कंपनीला आधी दोन दिवस लेखी कळवा आणि पाणी तापवायची सोय बंद ठेवा, बॅटरी लवकर संपते. बॅटरीवरचे वॅट-तासाचे आकडे पुसट झाले असतील तर तिचं माहितीपत्रक सोबत ठेवा. आणि यंत्राला वेगळी पिशवी करा, लोणच्याच्या बरणीबरोबर कोंबू नका. (हे भाऊजींसाठी.)

ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांनी आपला अनुभव मला लिहावा: कुठून कुठे, तारीख, काउंटरवर काय सांगितलं, पैसे घेतले की नाही. चांगलं वागवलं असेल तर तेही लिहा. पत्राला जोडायचं आहे. पंधरा दिवस वाट पाहून पोस्टात जाणार आहे.