रोबो लढवायचाच का?

फेस्टिव्हल जवळ आला की वर्कशॉपमधून ग्राइंडरची घरघर सुरू होते आणि कट्ट्यावर पैजा लागतात, यंदा कुणाचा रोबो कुणाला किती फूट उडवणार! मला रोबोवॉरचं वावडं नाही. शिट्ट्या मारणाऱ्यांत मीही असतो. पण ज्या मोटारी आपण तोडफोडीला जुंपतो, त्यांच्याकडूनच एखाद्या वस्तूला अजिबात न शिवता ती तपासून घेणं जास्त अवघड आहे आणि जास्त इंजिनिअरिंगचंही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेकॅनिकलवाल्यांनी एनडीटी वाचलेलं असतं (निदान व्हायवापुरतं तरी!). वेल्ड न कापता आतली भेग शोधायची. हेच तत्त्व चित्राला लावा. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने २०१९ साली रेम्ब्राँटच्या 'नाइट वॉच' या भिंतीएवढ्या चित्रासमोर एक स्कॅनर उभा केला. तो क्ष-किरण सोडतो, रंगातली मूलद्रव्यं आपापली खूण परत पाठवतात. पारा दिसला तर हिंगूळ, शिसं दिसलं तर सफेदा. मात्र हे बिंदू-बिंदू मोजावं लागतं. एकूण ५६ स्कॅन, एकेकाला जवळजवळ अख्खा दिवस! माणसाचा हात इतका वेळ स्थिर राहील का? पुढे त्याच चित्राचे ८,४३९ फोटो जोडून ७१,७०० कोटी पिक्सेलची प्रतिमा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे रोबोचा वेग कुणी विचारत नाही. तो ठरल्या जागी, ठरल्या अंतरावर, पुन्हा पुन्हा तस्साच येतो की नाही, एवढंच बघतात.

तुम्ही म्हणाल, ते हॉलंड झालं, आपलं काय? आपलं बोरिवलीत आहे. कान्हेरी! पावसाळ्यात आपण तिथे भिजायला जातो आणि परत येतो. शंभरावर लेणी, ब्राह्मी शिलालेख, ९० नंबरच्या लेण्यात इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशांनी पहलवीत कोरलेली नावं, ३४ नंबरच्या छतावर बुद्धाचं अर्धवट राहिलेलं चित्र. हा दगड दर पावसाळ्यात थोडा थोडा झिजतोय. लेखाचा ठसा घ्यायची जुनी पद्धत म्हणजे ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा आणि वर शाई फिरवायची. ती पद्धत थोर, तिच्यामुळेच किती लेख वाचले गेले. पण तिला दगडाला हात लावावाच लागतो. आणि चांगल्या हेतूने लावलेला हातही महाग पडतो. अजिंठ्यात १९२०च्या दशकात निजामाने इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी चित्रं वाचवायला लाखेचा लेप दिला. तो पिवळा पडला आणि नंतरच्यांना तो काढत बसावं लागलं.

हात न लावता काय करता येतं? कॅमेरा एका जागी पक्का ठेवायचा आणि दिवा वेगवेगळ्या कोनांतून फिरवत पन्नासेक फोटो काढायचे. प्रत्येक पिक्सेलपाशी पृष्ठभाग कुठे झुकलाय हे सॉफ्टवेअर काढतं, डोळ्याला न दिसणारं अक्षर उठून येतं. २००१ साली एचपीच्या संशोधकांनी ही रीत मांडली. दिवा फिरवायला स्टेपर मोटार आणि थोडं कोडिंग, बस्स! क्ष-किरणांच्या नादी मात्र लागू नका. त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे.

गंमत म्हणजे हीच तिरप्या उजेडाची युक्ती गुन्हे तपासातही चालते. वहीचं वरचं पान फाडलं तरी खालच्या कोऱ्या पानावर पेनाचा दाब उरतो. इन्फ्रारेडखाली दोन काळ्या शाया वेगळ्या वागतात, म्हणून १ चा ७ केलेला चेक पकडता येतो. कलिन्याला राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, आपल्यातले कितीतरी जण तिच्या जवळून रोज जातात. तिथला पुरावा हा कुणाच्या तरी शिक्षेचा किंवा सुटकेचा प्रश्न असतो. नमुना तपासणीत संपला, तर आरोपीच्या बाजूने फेरतपासणी कशाची करणार? वस्तू शाबूत राहिली तरच दुसऱ्याला 'तुमचं चुकलं' म्हणता येतं. माझ्या मते या सगळ्या तंत्राची खरी किंमत इथे आहे.

हळू चालणाऱ्या रोबोला टाळ्या पडणार नाहीत, स्पॉन्सरही मिळणार नाही, हे मान्य. कान्हेरीत स्टँड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागेल आणि त्या अर्जाला किती सेमिस्टर लागतील देव जाणे. तोवर घरातली झिजलेली नाणी आहेत, पणजोबांचे मोडीतले कागद आहेत, सराव त्यांच्यावर होईल. माझ्याकडे दोन स्टेपर मोटारी नुसत्या पडून आहेत. ज्याच्याकडे बरा कॅमेरा असेल त्याने सबमिशन संपलं की लायब्ररीसमोर भेटावं.