धक्क्यावरची बाई कोणत्या रकान्यात?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचे 'पुनरुज्जीवन' करायचे घाटत आहे. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत बंदराच्या मालकीची सुमारे १,८०० एकर जमीन पसरली आहे. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले, कंटेनरची वाहतूक तिकडे गेली आणि इकडची गोदामे ओस पडत गेली. या जमिनीचे काय करायचे यावर २०१४ मध्ये राणी जाधव समितीने अहवाल दिला. २०१८ मध्ये नियोजनाचे अधिकार बंदराकडेच आले. आराखड्यांत क्रूझ, मरीना, बागा, फिरायचे रस्ते सगळे आहे. बागांना आमचा विरोध नाही. या शहरात बायकांना निवांत बसायला जागा आहेच कुठे? पण पुनरुज्जीवन करायचे ते मेलेल्याचे. हा किनारा मेला आहे हे ठरवले कोणी?

पहाटे ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर जाऊन पाहावे. होड्या लागतात, लिलाव होतात, टोपल्या डोक्यावर चढतात. माल विकत घेऊन बाजारोबाजारी नेणाऱ्या कोळणी, मासळी निवडणाऱ्या बाया, बर्फातली कोळंबी सोलून बोटे सोलवटलेल्या बाया. १८७५ मध्ये बांधलेली ही ससून गोदी आजही बायकांच्या हातांवर चालते. तिथले मासेमारी बंदर आधुनिक करण्याचीही योजना आहे. चांगलेच आहे. स्वच्छ पाणी, शौचालय, डोक्यावर छप्पर ही तर बायकांची हक्काची गरज. पण नव्या लिलावगृहात कोळंबी सोलणारीने बसायचे कुठे, हे नकाशात कोण लिहिणार?

गोदीतल्या पुरुष कामगारांसाठी १९४८ मध्ये कायदा झाला, त्यांची नोंदवही तयार झाली. ती सहज मिळाली नाही, पण मिळाली, म्हणून काम घटले तेव्हा त्यांच्या युनियनला बोलायला आधार होता. कोळंबी सोलणारी बाई रोजावर किंवा वजनावर काम करते. तिचे नाव कुठल्याच वहीत नाही. जागा तिची नाही, गाळा तिचा नाही. 'प्रकल्पग्रस्त' ठरण्यासाठी लागणारा एकही कागद तिच्याजवळ नसतो.

गिरणगावात हेच घडले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा महापालिका आणि म्हाडाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती मान्य केली. लढून लढून कामगारांना घरांचा हक्क मिळाला, तोही मस्टरवर नाव असलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना. त्या कामगारांना वर्षानुवर्षे जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाईचे नाव कुठल्या गिरणीच्या मस्टरवर असणार? गिरणी बंद झाली तेव्हा तिचीही चूल विझली, पण त्याला कोणी बेकारी म्हटले नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की घरांच्या मागणीइतकीच कामाच्या जागेची मागणी लावून धरली पाहिजे. शहराच्या टोकाला खोली मिळाली आणि पहाटे चारला धक्क्यावर पोचायला गाडीच नसली, तर ती खोली बाईचा धंदा बुडवते. २०२१ मध्ये क्रॉफर्ड मार्केटजवळचा मासळीचा घाऊक बाजार ऐरोलीला हलवायच्या हालचाली झाल्या, तेव्हा कोळी महिला रस्त्यावर उतरल्या त्या यासाठीच.

हे अशक्य नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कुणाही विक्रेत्याला हटवता येत नाही. अंमलबजावणी रडतखडत आहे, तरी तत्त्व कायद्यात आले. आधी मोजणी, मग आराखडा, हेच तत्त्व बंदराच्या जमिनीलाही लावा. मोजणी दिवसाउजेडी नको, पहाटे व्हावी. घरोघरी नको, कामाच्या जागी व्हावी. आणि ती करताना बायकांच्या संघटना सोबत असाव्यात.

पिंपरी-चिंचवडच्या मैत्रिणींना हे दूरचे वाटायला नको. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि दोन-तीन वर्षांतच पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिकांनी कचरावेचक बायांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढची प्रत्येक मागणी त्या एका कार्डावर उभी राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामे पाडली गेली. तिथे भंगार निवडणाऱ्या बायांची यादी आपल्यापैकी कुणाजवळ होती? उद्या पवना-इंद्रायणीचे काठ सजतील, बंद कारखान्यांच्या जमिनींवर इमले चढतील. तिथे धुणारी, विकणारी, निवडणारी, डबे पुरवणारी कोण आहे, याची वही आपल्या गटांनी आजच घालावी. नोटीस लागल्यावर नावे गोळा करायला वेळ मिळत नाही.