मिरवणूक आणि खांद्यावरचे मूल

अनंत चतुर्दशीस पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत लहान मुलांस न्यावे की नाही, हा प्रश्न आता घरोघरी पडू लागला आहे. मंडईतील टिळक पुतळ्यापासून सकाळी निघणारे मानाचे पाच गणपती, कसबा गणपतीची पालखी, पुढचा नगारा. हे मुलांनी पाहावे असेच आहे. त्यामागून येणारी मिरवणूक मात्र निराळी. २०२२ साली ती तीस तासांहून अधिक काळ चालली.

ध्वनिप्रदूषणविषयक २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास मनाई असून वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. भिंतीसारख्या रचलेल्या ध्वनिक्षेपकांपुढे हे आकडे कागदावरच राहतात. गर्दीत चिरडू नये म्हणून बाप मुलास खांद्यावर घेतो आणि नेमका त्याचा कान त्या भिंतीच्या उंचीवर नेऊन ठेवतो! (शेकडो ढोलांचे पथकही काही सौम्य नव्हे.)

‘मग मुले आणूच नयेत’ हे उत्तर सोयीचे खरे. पण १८९३च्या सुमारास लोकमान्यांनी ज्यास सार्वजनिक रूप दिले, त्या उत्सवात चार वर्षांच्या मुलास जागा नसेल, तर ‘सार्वजनिक’ म्हणजे कोणाचा? तो जाब मंडळांनी द्यावयाचा आहे. तोवर आईबापांनी सकाळीच जावे, ध्वनिक्षेपकांपासून दूर उभे राहावे आणि मुलाच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी.