अर्धा ‘र’ आणि शोधात न सापडणारे वारकरी

१/ सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरला चालत जाणाऱ्यांचा उल्लेख संगणकात तीन तऱ्हांनी होतो: वारकऱ्यांनी, वारकर्‍यांनी, वारकर्यांनी. तिसरे रूप उघडच अशुद्ध आहे. पहिली दोन मात्र बहुतेक फाँटांत अगदी एकसारखी दिसतात, आणि खरा घोटाळा तिथेच आहे.

२/ ‘ही टंकलेखकाची बाब, इतिहासाच्या अभ्यासकाने तीत का पडावे?’ हा तुच्छतेचा सूर अभ्यासकांतच ऐकू येतो. तो टिकणारा नाही. मराठीत अर्धा र आणि रफार यांच्या अदलाबदलीने अर्थ पालटतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. शिवकालीन आरमारातील दर्यासारंगाला सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत नेऊन सोडण्याचा अधिकार कोणत्याही कळफलकाला नाही. (आचार्यांना आचारी करून मुदपाकखान्यात धाडण्याचाही नाही.)

३/ दुसरा सूर नेमका उलटा: ‘युनिकोड परदेशी, त्यांना मराठी काय कळणार?’ ऐकायला गोड, पण पुराव्याला धरून नाही. ‘ऱ’ या अक्षराच्या अर्ध्या रूपाने मराठीचा अर्धा र दाखवावा, ही व्यवस्था ‘इस्की’ या भारतीय मानकातील आहे. युनिकोडने ती उचलली आणि हे रूप मराठीत व नेवारीत वापरले जाते, असे आपल्या नियमातच नोंदवले. आक्षेप घ्यायचाच तर तो वेगळा आहे. ‘ऱ’ (०९३१) हे अक्षर द्राविडी भाषांतील एका वेगळ्या उच्चारासाठी होते; मराठीच्या वर्णमालेत ते नाही. मराठीचे स्वतःचे चिन्ह उसन्या अक्षराच्या पोटातून काढावे लागले. पण हा निर्णय परक्यांच्या माथी मारता येत नाही.

४/ घोटाळा झाला तो दुसरी वाटही उघडी राहिल्यामुळे. युनिकोडच्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी साधा र (०९३०), हलन्त (०९४डी) आणि त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ (२००डी) हे अदृश्य चिन्ह, अशीही मांडणी वैध ठरली. दोन्ही वाटांनी चित्र एकच उमटते, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न अक्षरमाला असते. युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. त्यात ‘ऱ’ची फोड र अधिक नुक्ता अशी होते, अदृश्य जोडकाशी तिचा संबंध नाही. एखाद्या प्रणालीने अदृश्य चिन्हे गाळली की उरतो निव्वळ रफार. ‘वारकर्यांनी’ हे रूप पुष्कळदा लेखकाच्या अज्ञानातून नव्हे, या गळतीतून जन्मते.

५/ मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. या प्रकरणावर मराठीत काहीही लिहायचे तर अधिकाऱ्यांनी, गोऱ्या, कामकऱ्यांचा हे शब्द टाळता येत नाहीत. ग्रंथ एका वाटेने टंकलेला आणि विद्यार्थ्याने शोध दुसऱ्या वाटेने घेतला, तर अक्षराला अक्षर जुळवणारा साधा शोध शून्य दाखवतो. मग प्रबंधात निर्धास्त वाक्य पडते: ‘या ग्रंथात कामकऱ्यांचा उल्लेख नाही.’ स्थलनामांची गत तीच: कऱ्हाड, वऱ्हाड, आणि १६८१ मध्ये मराठ्यांनी लुटलेले बऱ्हाणपूर. ज्या संग्रहात ही नावे एका शोधात सापडत नाहीत, त्याने ‘शोधसुलभ’ म्हणून मिरवावे कशाला?

६/ उपाय अवघड नाही, म्हणून हलगर्जीपणा अधिक खटकतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबले की ऱ, मग डी दाबून हलन्त, त्यापुढे य किंवा ह. नव्या मजकुरात ही एकच वाट असावी. जुन्या फायलींत ०९३०-०९४डी-२००डी हा क्रम जिथे असेल तिथे ०९३१-०९४डी घालावा. शोधा-आणि-बदला एवढ्याच आदेशाचे हे काम आहे. मात्र ते अदृश्य चिन्हे गळण्यापूर्वीच व्हायला हवे. एकदा ती गळाली की हा ‘दर्या’ समुद्राचा की डोंगराचा, हे यंत्राला अक्षरांवरून ओळखता येत नाही. मग कोणालातरी मूळ पान उघडून ओळ न् ओळ वाचत बसावे लागते.