दात कोरून पोट भरत नाही

फायनल इयरच्या विंगमध्ये दोनच विषय चघळले जातात: कॅम्पस आणि एम.एस. कुठल्या युनिव्हर्सिटीत फंडिंग मिळतं, कुठल्या गावात भाडं कमी, व्हिसाच्या खिडकीवर काय विचारतात, सगळं तोंडपाठ! पण त्याच तोंडातल्या दातांचं तिकडे गेल्यावर काय होणार, हे कुणीच विचारत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत दात हा शरीराचा भाग नाही, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण तिथला आरोग्यविमा बहुधा तसंच धरून चालतो. हात मोडला तर विमा आहे, दाढ किडली तर तुमचं तुम्ही बघा. दातांचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तोही बहुतेक वेळा वर्षाला हजार-दोन हजार डॉलर दिले की हात वर करतो. म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी मेडिकेअरच्या मूळ योजनेतही दातांच्या नेहमीच्या उपचारांना जागा नाही. २०१० च्या आरोग्य कायद्याने लहान मुलांचे दात आवश्यक सेवांमध्ये घेतले, मोठ्यांचे बाहेरच राहिले.

मग तिथला नोकरदार काय करतो? कर कापला जाण्याआधीच पगारातले काही पैसे उपचारांसाठी बाजूला काढतो. याची खाती दोन प्रकारची. पहिलं एफ.एस.ए., ते कंपनीमार्फतच मिळतं. २०२५ साली त्यात जास्तीत जास्त ३,३०० डॉलर ठेवता येत होते. दुसरं एच.एस.ए., २००३ च्या कायद्याने आलेलं. त्यासाठी जास्त वजावटीची पॉलिसी लागते. म्हणजे २०२५ च्या नियमाप्रमाणे एकट्या माणसाने वर्षातले निदान पहिले १,६५० डॉलर स्वतःच्या खिशातून भरायचे, मग विमा जागा होणार. दात भरणं, काढणं, रूट कॅनल, कवळी, वेड्यावाकड्या दातांना तार लावणं, हे सगळं या पैशांत बसतं. दात पांढरेशुभ्र करून घेणं मात्र बसत नाही. टूथपेस्टही नाही.

एफ.एस.ए.ची एक गंमत आपल्या मंडळींना आवडेल. समजा तुम्ही वर्षाचे २,४०० डॉलर ठरवले. पगारातून महिन्याला दोनशेच कापले जातील, पण जानेवारीतच दाढ ठणकली तर पूर्ण २,४०० वापरता येतात. थोडक्यात, बिनव्याजी उधारी! एच.एस.ए.मध्ये मात्र जेवढे जमा झाले तेवढेच काढता येतात. पण ते पैसे कायम तुमचे, नोकरी बदलली तरी तुमच्याबरोबर येतात.

आता दुसरी बाजू. एफ.एस.ए.चा आकडा वर्ष सुरू होण्याआधी सांगावा लागतो. लग्न, मूल असं काही घडल्याशिवाय तो मध्येच बदलता येत नाही. वर्षअखेर पैसे उरले तर कंपनीच्या नियमाप्रमाणे थोडी रक्कम पुढे नेता येते किंवा अडीच महिन्यांची सवलत मिळते. काही ठिकाणी दोन्ही नाही. बाकीचे पैसे गेले! मध्येच नोकरी सुटली तरी उरलेल्या पैशांवर बहुधा पाणीच. आपण फोरियर सिरीज सोडवू, पण पुढच्या वर्षी कुठली दाढ दुखेल याचं समीकरण कुणाला मांडता येतं का?

माझा खरा आक्षेप यापुढचा आहे. समजा दाढेचा खर्च २,००० डॉलर आला. ज्याच्या वरच्या कमाईवर ३७ टक्के आयकर लागतो, त्याचे या खात्यामुळे ७४० डॉलर वाचतात. २२ टक्केवाल्याचे ४४०. १० टक्केवाल्याचे २००. आणि ज्याचा पगार इतका कमी की आयकरच लागत नाही, त्याचा आयकर वाचणार शून्य. दाढ तीच, कळ तीच, पण सवलत सर्वात जास्त कुणाला? ज्याला तिची गरज सर्वात कमी त्याला! आणि ज्या कामगाराची कंपनी असं खातं देतच नाही, तो तर या गणितातही नाही. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही आपली म्हण तिथल्या करखात्याने जणू नियमात बसवली आहे.

काही जण म्हणतील, "अरे, काहीच नसण्यापेक्षा बरं ना?" बरं आहेच. तिकडे नोकरी लागली आणि हे खातं मिळालं तर जरूर घ्या. आकडा जपून, ठरलेल्या खर्चापुरताच टाका. एच.एस.ए. असेल तर त्याच्या जोडीला फक्त दात आणि डोळ्यांपुरतं मर्यादित एफ.एस.ए. काही कंपन्या देतात, तेही विचारून बघा. पण याला विमा समजू नका. विम्यात दुसऱ्याच्या दुखण्याचा भार सगळे मिळून उचलतात. इथे आपलाच पैसा, आपलीच दाढ, फक्त बिलावर थोडी सूट. त्या सुटीकडे बोट दाखवून "दातांची सोय झाली" असं कुणी म्हणत असेल, तर ते मला पटत नाही. दात शरीरातच धरा आणि साध्या विम्यात घ्या, एवढं सरळ उत्तर असताना हा आडमार्ग कशाला?

आणि जाणाऱ्यांनो, विद्यार्थी असताना हे खातंही बहुधा मिळत नाही. तेव्हा बॅगेत प्रेशर कुकर भरण्याआधी तोंड तपासून घ्या. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. किडलेली दाढ, अर्धवट आलेली अक्कलदाढ, जे काही असेल ते इथेच निस्तरून जा. आठवा सेमिस्टर संपेपर्यंत वेळ आहे. सबमिशनसारखं शेवटच्या रात्रीवर मात्र ठेवू नका!